घंटेच्या पलीकडचे पावलॉव



डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनीच पावलॉव वाचलेत. घंटा वाजली, कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटली, झालं अभिजात अभिसंधान! टीईटीच्या तयारीतही हा प्रश्न कुणी सोडत नाही. पण त्या एका ओळीमागे ८६ वर्षं जगलेला एक माणूस आहे आणि त्याच्या प्रयोगशाळेतली मुकी कुत्री आहेत. त्यांच्याकडून जे समजलं ते फक्त परीक्षेपुरतं नाही, उद्या सकाळी तुमच्या-माझ्या वर्गात लागणारं आहे. म्हणून आज इव्हान पेत्रोविच पावलॉव यांचं चरित्र पाहूया. पालकांनाही वाचता यावं म्हणून अवघड शब्द शक्यतो टाळले आहेत.

अकराव्या वर्षी शाळेत

रशियात मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझान नावाचं शहर आहे. तिथे २६ सप्टेंबर १८४९ रोजी इव्हान यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घर मोठं, भावंडं बरीच आणि इव्हान सगळ्यांत थोरले. वडिलांना वाचनाची आवड होती, तशीच बागकामाचीही. या दोन्ही गोष्टी मुलाने उचलल्या आणि म्हातारपणापर्यंत सोडल्या नाहीत.

लहानपणी इव्हान उंचावरून दगडी फरशीवर पडले. मार इतका जबर होता की पुढे बराच काळ प्रकृती सावरली नाही. शाळेत जायला अकरावं वर्ष उजाडलं. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर हे शाळाबाह्य मूल! मधल्या काळात त्यांचे धर्मपिता, जे जवळच्या मठाचे प्रमुख होते, त्यांनी या मुलाला आपल्याजवळ ठेवून घेतलं. चांगलं खाऊ घातलं, व्यायाम करायला लावला, बागेत राबवलं आणि पुस्तकं हातात दिली. हळूहळू मुलगा उभा राहिला. आपल्याकडे वयानुरूप प्रवेश घेऊन आलेलं मूल पहिल्या आठवड्यात गप्प बसलेलं दिसलं, की मला हा रियाझानचा मुलगा आठवतो.

वडिलांसारखंच धर्मगुरू व्हायचं म्हणून इव्हान धर्मशिक्षणाच्या शाळेत दाखल झाले. पण तो काळ रशियात नव्या विचारांचा होता. सेचेनोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर १८६३ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. माणसाच्या मनाचे व्यवहारसुद्धा शरीराच्या अंगाने अभ्यासता येतील, असा त्याचा सूर होता. हे पुस्तक तरुण इव्हानच्या मनात घर करून बसलं. १८७० मध्ये त्यांनी धर्मशिक्षण सोडलं आणि विज्ञान शिकायला सेंट पीटर्सबर्ग गाठलं.

एक बूट आणि रिकामा खिसा

विद्यापीठात सियॉन नावाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक भेटले आणि इव्हान यांची दिशा ठरली. स्वादुपिंडाच्या चेतांवर काम करून विद्यार्थिदशेतच त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. मग वैद्यकीचं शिक्षण पूर्ण केलं. पण डॉक्टर होऊन दवाखाना थाटायचा नव्हता, प्रयोग करायचे होते. शस्त्रक्रियेत त्यांचा हात विलक्षण सफाईदार होता.

१८८१ मध्ये त्यांचं लग्न सेराफिमा यांच्याशी झालं. सेराफिमा शिक्षिका होण्यासाठी शिकत होत्या, म्हणजे आपल्याच बिरादरीतल्या! त्यांची एक गोष्ट सांगतात. लग्नाआधी त्या खेडेगावात शिकवायला निघाल्या तेव्हा इव्हान यांनी त्यांना नवे बूट घेऊन दिले. गावी पोहोचून पाहतात तर एकच बूट! दुसरा आठवण म्हणून इव्हान यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला होता.

गोष्ट गमतीची आहे, पण संसार मात्र ओढाताणीचा झाला. पैसे नाहीत, धड जागा नाही, काही दिवस तर नवरा-बायकोला वेगवेगळं राहावं लागलं. पहिला मुलगा अगदी लहान असतानाच गेला. विद्यार्थ्यांनी एकदा वर्गणी काढून सरांना पैसे दिले, तर सरांनी ते प्रयोगाच्या जनावरांवर खर्च करून टाकले, असंही सांगतात. सेराफिमा यांनी घर कसं चालवलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. मोठ्या माणसांच्या चरित्रात ही बाजू एका ओळीत उरकली जाते, पण ती बाजू नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

चाळिशी गाठल्यावर १८९० मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळालं. पुढच्याच वर्षी प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाची जबाबदारी आली. तिथून खरं काम सुरू झालं.

नोबेल मिळालं ते पचनासाठी

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पावलॉव यांना १९०४ चं नोबेल पारितोषिक लाळ आणि घंटेसाठी मिळालेलं नाही. ते मिळालं पचनसंस्थेवरच्या कामासाठी. नोबेल मिळवणारे ते पहिले रशियन.

त्याआधी पचनाचा अभ्यास कसा होत असे? जनावराला चिरायचं आणि ते मरायच्या आत जमेल तेवढं पाहून घ्यायचं. वेदनेने अर्धमेलं झालेलं जनावर निरोगी पोटाची माहिती काय देणार? पावलॉव यांनी पद्धत बदलली. माणसांसारखीच स्वच्छता पाळून शस्त्रक्रिया करायची, कुत्रं पूर्ण बरं होऊ द्यायचं आणि मग ते हिंडतं-फिरतं असताना महिनोन्‌महिने निरीक्षण करायचं. जठराचा एक छोटा भाग पिशवीसारखा वेगळा करून त्याचं तोंड शरीराबाहेर काढायचं, पण त्याच्या चेता शाबूत ठेवायच्या. मोठ्या जठरात काय चाललंय ते या छोट्या जठरात स्वच्छ दिसे. पाव खाल्ला तर रस वेगळा, मांस खाल्लं तर वेगळा, दूध प्यायलं तर आणखी वेगळा.

दुसरा प्रयोग तर त्याहून नवलाचा. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी बाहेर काढलेली असे. कुत्रं घास खाई, पण तो पोटात न जाता बाहेर पडे. तरी थोड्याच मिनिटांत जठरात रस झरू लागे. पोटात अन्नाचा कणसुद्धा नाही आणि पोट मात्र तयारीला लागलेलं! हा निरोप मेंदूकडून चेतांमार्फत पोटाला जातो, हे यातून सिद्ध झालं. असा गोळा केलेला जठररस बाटल्यांत भरून अपचनाच्या रुग्णांना औषध म्हणून विकलाही जात असे. त्यातून प्रयोगशाळेचा थोडा खर्च निघे.

ही माहिती मुलांना सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. यात कुत्र्यांनी सोसलं. पद्धत बसेपर्यंत कितीतरी कुत्री दगावली. आज असे प्रयोग सहजासहजी मंजूर व्हायचे नाहीत. मुलांनी विचारलं, की सर, कुत्र्याला दुखलं नसेल का, तर प्रश्न टाळू नका. दुखलं असणार. आपल्याला पचनाचं जे ज्ञान मिळालं त्यात त्या मुक्या जिवांचा वाटा आहे, एवढं तरी मुलांना कळू द्या.

लाळ आधीच का सुटते?

आता त्या प्रसिद्ध भागाकडे येऊ. घास तोंडात पडल्यावर लाळ सुटते यात नवल नाही. पण प्रयोगशाळेतली कुत्री ताटली पाहूनच लाळ गाळू लागत. पुढे पुढे तर खाणं आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुरू! मोजमापात यामुळे घोळ व्हायला लागला. दुसऱ्या कुणी वैतागून ही नोंद बाजूला टाकली असती. पावलॉव यांनी तीच अडचण अभ्यासाचा विषय केली. नोबेल मिळाल्यावरही त्यांनी पचनाचं जमलेलं काम मागे ठेवलं आणि पन्नाशी उलटल्यावर नवा विषय हातात घेतला.

पण यावर प्रयोगशाळेतच मतभेद झाले. स्नार्स्की नावाच्या सहकाऱ्याचं म्हणणं, कुत्रं मनात विचार करतं, त्याला इच्छा होते, म्हणून लाळ सुटते. पावलॉव यांना हे पटलं नाही. कुत्र्याच्या मनात काय आहे ते आपण पाहू शकत नाही, लाळेचे थेंब मात्र मोजू शकतो. जे दिसतं आणि मोजता येतं तेवढंच लिहायचं, असा त्यांनी नियमच केला. कुत्र्याला वाटलं, कुत्र्याला हवं होतं, असं कुणी बोललं तर प्रयोगशाळेत दंड होई, असं सांगतात.

शिक्षक मित्रांनो, इथे जरा थांबा आणि आपल्या वर्णनात्मक नोंदींची वही आठवा. आळशी आहे, लक्ष देत नाही, अभ्यासाची आवड नाही. या नोंदी मुलाच्या मनात शिरून लिहिलेल्या असतात. त्याऐवजी, वाचनाच्या तासाला तिसऱ्या ओळीनंतर थांबतो, बेरीज करताना हातचा विसरतो, असं लिहिलं तर पुढचा उपाय आपोआप दिसतो.

मग पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. आधी एक खूण द्यायची, लगेच खाणं द्यायचं. असं काही वेळा केलं की नुसत्या खुणेनेच लाळ सुटू लागते. खूण म्हणून घंटाच हवी असं अजिबात नाही. मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवा, कातडीला केलेला हलका स्पर्श, असं बरंच काही त्यांनी वापरलं. टिकटिकीनंतर खाणं देणं बंद केलं तर लाळ हळूहळू आटते. पण मध्ये काही काळ गेला की ती पुन्हा थोडी परत येते. म्हणजे शिकलेलं पुसलं जात नाही, दबून राहतं. बाहेरच्या आवाजाचा परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी जाड भिंतींची खास इमारतही बांधून घेतली.

वर्तुळ आणि लंबवर्तुळ

पावलॉव यांच्या सगळ्या कामातला हा प्रयोग शिक्षकाने कधीच विसरू नये असा आहे. पण घंटेसमोर तो मागे पडतो.

त्यांच्या सहकारी शेंगर-क्रेस्तोव्‌निकोव्हा यांनी एका कुत्र्याला शिकवलं, की पडद्यावर वर्तुळ दिसलं तर खाणं मिळेल, लंबवर्तुळ दिसलं तर मिळणार नाही. सुरुवातीला लंबवर्तुळ चांगलं लांबट होतं. कुत्र्याने फरक चटकन ओळखला. मग ते थोडं थोडं गोल करत नेलं. कुत्रं तरीही ओळखत राहिलं. शेवटी उभ्या-आडव्या मापांचं प्रमाण ९ ला ८ इतकं जवळ आलं. आता फरक दिसेना. तरी सराव चालूच ठेवला. साधारण तीन आठवडे गेले. कुत्रं सुधारायचं सोडून बिघडत गेलं. जे आधी शांत उभं राहायचं ते ओरडू लागलं, अंग झटकू लागलं, बांधलेली उपकरणं दातांनी तोडू लागलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आधी सहज येणारा लांबट लंबवर्तुळाचा फरकसुद्धा ते विसरून गेलं.

याला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट रोज रोज विचारली जात होती. पुन्हा सोप्यापासून सुरुवात करावी लागली आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

भागाकार येत नाही म्हणून रोज उभं केलेलं मूल काही दिवसांनी वजाबाकीही चुकायला लागतं, हे तुम्ही पाहिलं असेल. आपण म्हणतो, याला आता काहीच येत नाही, मुद्दाम करतो. ते मुद्दाम नसतं. अशा वेळी आणखी सराव देणं म्हणजे ९ ला ८ चं लंबवर्तुळ पुन्हा समोर धरणं. दोन पावलं मागे या, त्याला जे नक्की येतं तिथून सुरू करा.

भूक, सत्ता आणि पूर

१९१७ ची क्रांती झाली आणि पाठोपाठ यादवी युद्ध आलं. पीटर्सबर्गमध्ये खायला मिळेना. नोबेलचे पैसेही गेले. सत्तरीतले पावलॉव संस्थेच्या जागेत भाजीपाला पिकवत होते आणि प्रयोगशाळेतली कुत्री भुकेने मरत होती. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या सरकारने खास आदेश काढून त्यांच्या कामाची आणि शिध्याची सोय केली.

आता इतकी सोय करून देणाऱ्या सरकारपुढे माणूस गप्प बसेल असं वाटतं ना? पावलॉव बसले नाहीत. १९२४ च्या सुमारास धर्मगुरूंच्या मुलांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकायला सुरुवात झाली. पावलॉव स्वतः श्रद्धाळू राहिले नव्हते. पण आपणही धर्मगुरूचाच मुलगा आहोत, मग आपल्यालाही इथे जागा नाही, असं म्हणून त्यांनी अकादमीतलं पद सोडलं. बापाचा व्यवसाय पाहून मुलाला वर्गाबाहेर काढणं त्यांना मान्य नव्हतं. पुढे १९३४ मध्ये धरपकड वाढली तेव्हाही त्यांनी सरकारला कडक शब्दांत पत्र लिहिलं. त्या काळी हे किती धोक्याचं होतं ते वेगळं सांगायला नको.

त्याच १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला, म्हणजे आधीच्या पीटर्सबर्गला, मोठा पूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. पिंजऱ्याचं दार खाली आणि पाणी त्याच्याही वर चढलेलं. कर्मचाऱ्यांना कुत्र्यांची डोकी पाण्याखाली दाबून त्यांना दारातून बाहेर ओढावं लागलं. कुत्री वाचली. पण नंतर काहींचं शिकलेलं सगळं पुसल्यासारखं झालं. बऱ्याच दिवसांनी ते परत आलं. मग एकदा दाराखालून थोडंसं पाणी खोलीत सोडून पाहिलं. तेवढ्यानेच कुत्रं पुन्हा घाबरलं, शिकलेलं पुन्हा गेलं. सगळीच कुत्री मात्र अशी कोसळली नव्हती. प्रत्येकाची घडण वेगळी असते हे पावलॉव यांनी यातून अधिक ठामपणे मांडलं.

२०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या महापुरात किती मुलांची घरं पाण्यात गेली! अशा संकटानंतर शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊ नये, याचं कारण पावलॉव यांच्या कुत्र्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे.

अखेरची वर्षं

वय झालं तरी त्यांचा उत्साह कमी झाला नाही. गोरोद्की हा आपल्या विटी-दांडूच्या नात्यातला वाटावा असा खेळ त्यांचा आवडता. दांडकं फेकून लाकडी ठोकळे उडवायचे! ऐंशीच्या घरात असताना ते मनोरुग्णांच्या दवाखान्यात जाऊन रुग्ण पाहू लागले. लेनिनग्राडजवळ कोल्तुशी इथे प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी विज्ञानग्राम उभं राहिलं. तिथे रोझा आणि राफाएल हे दोन चिंपांझीही होते.

१९३५ मध्ये जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रशियात जमले आणि अध्यक्षपद पावलॉव यांच्याकडे होतं. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेच्या आवारात एक पुतळा उभा राहिला. तो पावलॉव यांचा नाही, कुत्र्याचा! २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर

१९२० मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि बाळाने हात लावताच मागे लोखंडी कांब दणकन वाजवली. काही वेळातच बाळ नुसत्या उंदराला आणि मग सशालाही घाबरू लागलं. हा प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती भीती घालवायचा प्रयत्नही कुणी केला नाही. चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी उलट काम केलं. सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाला त्याच्या आवडीचं खायला देत देत ससा रोज थोडा जवळ आणला. भीती गेली. भीती शिकवता येते तशी उतरवताही येते, हे त्यांनी दाखवलं.

वैद्यकातही हा धागा चालू आहे. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना दवाखान्याच्या दारातच मळमळू लागतं, औषध अजून अंगात गेलेलंही नसतं. १९७५ मध्ये एडर आणि कोहेन यांनी उंदरांवर दाखवलं, की गोड पाण्याची सांगड प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधाशी घातली, तर पुढे नुसत्या गोड पाण्यानेही प्रतिकारशक्ती खाली येते. टांझानियात मोठे आफ्रिकी उंदीर क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने हुंगून ओळखतात. त्यांचं शिक्षण सुरू होतं ते एका छोट्या टिक आवाजाने. टिक म्हणजे खाऊ! हीच पावलॉव यांची सांगड. फक्त इथे कुणाला चिरलेलं नाही आणि उंदराच्या मदतीने माणसांचा आजार लवकर सापडतो.

आपण काय करू शकतो?

तुमचं मूल नर्सताईंचा पांढरा कोट पाहूनच रडायला लागतं ना? कोटाने त्याला कधी टोचलेलं नसतं, सुईने टोचलेलं असतं. तसंच गणिताच्या तासाला रोज ओरडा बसला तर मूल गणितालाच भिऊ लागतं. गणित बिचारं निर्दोष! आणि घरी अभ्यासाला बस हे वाक्य रोज रागातच कानावर पडलं, तर पुस्तक दिसलं की पोटात गोळा येणार.

म्हणून शिक्षकांनो, एका आठवड्यासाठी एवढंच करून पाहा. वर्गातलं कोणतं मूल कोणत्या गोष्टीपाशी आक्रसतं ते फक्त पाहा आणि जसं दिसलं तसं लिहा. फळ्यावर बोलावल्यावर? वही तपासायला मागितल्यावर? की तुमच्या पावलांच्या आवाजाने? मग त्या गोष्टीआधी किंवा त्या गोष्टीबरोबर त्याला आवडणारं, त्याला नक्की जमणारं काहीतरी ठेवा. पालकांनी घरी अभ्यासाची वेळ मुलाच्या जेवणाआधीच्या भुकेच्या आणि तुमच्या थकव्याच्या वेळेतून हलवून पाहावी. फरक एका दिवसात दिसणार नाही. मेरी कव्हर जोन्स यांचा ससाही रोज थोडाथोडाच पुढे सरकत होता.